म्हात्र्यांची कळशी

२०२४ साल, चैत्र सरत आलेला. नातीला बघायला पाहुणे जेवायला येणार होते आणि आमच्या घरात तुरीची डाळ शिजत नव्हती!

बदलापुरात, मांजर्लीला, बोअरच्या पाण्यावर संसार केला की असे किस्से साठत जातात. नळावर क्षारांचे पांढरे थर साठतात तसे. एक खरवडला की खाली दुसरा.

बिल्डिंगची बोअर माझ्याच हट्टाने मारलेली. शेजारच्या बैठ्या घरातले म्हात्रे इथले मूळचे. ते तेव्हाच म्हणाले होते, "काका, बोअर कशाला? आमचे विहिरीचा पानी घ्या. गोड हाय."

मी म्हणालो, "आम्ही कोणाच्या दारात कळशी घेऊन उभे राहणार नाही."

*

वरच्या मजल्यावरच्या सावंतांचा गीझर पाणी तापवेना. त्यांनी तो उल्हासनगरला सिंधी दुकानदाराकडे नेला. त्याने उघडून आत पाहिलं.

"साईं, अंदर प्लास्टर तो हो गया. अब कलर कौनसा मारूँ?"

सावंत तणतणत माझ्याकडे आले. मी म्हणालो, "बिल्डिंगच्या प्लास्टरपेक्षा पक्कं आहे. बिल्डरला दाखवा!"

*

सावंतांच्या शॉवरचं एकच भोक उघडं राहिलं होतं. धार तिरकी, समोरच्या भिंतीवर. महिनाभर ते भिंतीला चिकटून आंघोळ करत होते.

*

किटलीतला थर जावा म्हणून मी तिच्या पाण्यात लिंबूसत टाकून ठेवलं. सांगायचं राहिलं. तेवढ्यात सावंत आले, पाण्याचीच तक्रार घेऊन. बायकोने त्याच पाण्याचा चहा केला. दूध फाटलं.

सावंतांनी कपात पाहिलं. "काका, तक्रार करायला आलो तर थेट पनीर?"

*

रोजच्या आंघोळीने आमचा पितळी बाळकृष्ण पांढरा पडला. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या बोअरने देवाचे केस पिकले!"

"माझेही पिकलेत. मी कधी तक्रार केली?"

*

तर डाळ. कुकर शिट्ट्या मारून दमायचा आणि आतून छर्रे निघायचे. मुलाच्या आजीला दात नाहीत, ती वरणभातच जेवणार, असा अंबरनाथहून आधीच निरोप. बायको म्हणाली, "म्हात्र्यांकडून एक कळशी आणते."

"नाही. बोअरच्याच पाण्यात शिजेल."

आणि शिजली! लोण्यासारखी. आजीने दोनदा वरण घेतलं. म्हणाली, "ज्या घरात असं वरण होतं, तिथली पोरगी डोळे झाकून करावी." लग्न ठरलं.

संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन म्हात्र्यांना मुद्दाम सांगितलं, "आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लोणी झाली!"

"व्हनारच की काका. पन कळशी तेवढी पाठवा. आमचे आईची हाय."

मी घरात आलो. बायको पापड मोजत बसली होती. मान वर केली नाही. कळशी मोरीत होती. ती रिकामी परत गेली. ते मला टोचत राहिलं. पण भरून द्यायची तर कशाने? त्यांच्याच विहिरीच्या पाण्याने?

*

त्याच वर्षी आषाढात उल्हास नदी म्हात्र्यांच्या अंगणात शिरली. विहिरीत गाळ. आमच्या बोअरचं तोंड उंच चौथऱ्यावर, ती वाचली. पूर ओसरला, लाईट आली. म्हात्रे बायकोला घेऊन विहिरीत वाकून बघत होते. कोणाकडे काही मागितलं नाही.

मी पंप चालू केला. घरातली कळशी घासली, काठोकाठ भरली, खांद्यावर घेतली आणि म्हात्र्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्यांनी ती उतरवून घेतली.