शेखच्या घरातली हिंदी बाई

मी मुळातच भित्रा. सौदीतल्या जिझानच्या मासळी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. तरी कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर माझं इथलं राहणं चालतं त्या शेखचा, फोन आला की उचलण्याआधी आपलं काय चुकलं ते आठवून घेतो. असा माणूस एका बाईचा माग काढायला निघाला, म्हणजे हात दाखवून अवलक्षणच.

ती माझ्या आजोबांची आजी. एकोणिसावं शतक सरत आलेलं असताना, नवरा वारल्यावर, रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून भावाबरोबर गलबताने हजला निघाली. अंगावरचं मूल नणंदेकडे ठेवलं. भाऊ एकटाच परतला. मक्केत वारली म्हणाला, पण तिचं बोचकं, बांगड्या, काहीच त्याने आणलं नव्हतं. कुठे पुरलं, हे दोनदा विचारलं तर दोन उत्तरं मिळाली. आमच्या शजऱ्यात, म्हणजे घराण्याच्या वंशावळीत, नुसते पुरुष. तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. गावाहून आई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, "तिचा काय कळला काय रं? कबर तरी कुठं हाय ती बघ."

यंदाच्या ईदला कफील घरचा डबा घेऊन स्वतः वर्कशॉपवर आला. सत्तरीचा, मऊ बोलणारा माणूस. डबा उघडला तर आत वाट्यांत उकडलेली, नारळाच्या रसातली तांदळाची सांदणं. आमच्या घरी ईदला होतात तशीच. मी बघतच राहिलो.

तो हसून म्हणाला, "हे माझ्या आजीच्या आईने शिकवलं. ती हिंदी होती, समुद्रापलीकडून आलेली."

जिभेला हाड नसतं. मी विचारलं, "तिचं नाव काय?"

परक्या पुरुषाने घरातल्या बाईचं नाव इथे विचारायचं नसतं. बावीस वर्षांत कुणाला मी बायकोची तब्येतही विचारली नव्हती. 'घरचे कसे आहेत' इतकंच. शेखचा हात थांबला. "तुला कशाला हवंय?" म्हणाला, आणि उत्तर न घेताच उठून गेला.

 माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला तीन आठवडे होते आणि रिन्यू करणं त्याच्या हातात. त्याने कायमचं परत पाठवायचं एक्झिट लावलं, तर इथल्या शाळेतल्या मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर असताना आम्ही सगळे विमानात. शिवाय ती बाई खरंच आमची निघाली, तर हा कामगार नातं सांगून काय मागणार, असंच त्याला वाटेल ना? आठवडाभर त्याचा फोन नाही. दारात त्याच्यासारखी पांढरी गाडी थांबली की मी इंजिनाआड वाकायचो. बायको म्हणाली, "शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईपायी जित्या पोरीचं वर्ष घालवू नका."

आठव्या दिवशी दुपारी तो आला. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि खोक्यावर बसला.

"आजी सांगायची," तो म्हणाला, "हिंदला जाणारी गलबतं सुटायची वेळ आली की तिची आई किनाऱ्यावर जाऊन बसायची. तिचं एक मूल तिकडे राहिलं होतं. आम्ही हे बाहेर बोलत नाही. ती तुमची होती का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त सापळा दिसला.

"नाही शेख. आमची मक्केत वारली."

तो खोक्यावरून उठला. मग म्हणाला, "आजीला वाटायचं, कधीतरी तिकडून कुणी विचारत येईल." आणि गेला.

दोन दिवसांनी इकामा रिन्यू झाल्याचा मेसेज आला. शुक्रवारी आईला सांगितलं, ती मक्केतच आहे, पक्कं कळलं. आईला फार बरं वाटलं. तिने फोनवरच त्या बाईसाठी फातिहा पढली. मी आमीन म्हणालो, आणि मला माझीच किळस आली.