तेनिनचा नकार

तेनिन कमिसोकोने आयुष्यात लोकांच्या वतीने शेकडो नकार कळवले होते. नको असलेलं स्थळ, मोडलेली भागीदारी, नवऱ्याकडे परत जायला तयार नसलेली बायको. मालीची राजधानी बामाकोत असलं काही तोंडावर बोलायची वेळ आली की लोक जेली गाठतात. पिढीजात गाणारी-बोलणारी ही माणसं कडू गोळी साखरेत घोळून समोरच्याच्या गळी उतरवतात. फक्त स्वतःचा एक नकार काही तेनिनला देता येत नव्हता.

नदीपलीकडे सेरिबा कोनातेचं गाणं-नाच शिकवणारं खासगी विद्यालय आहे. पैसेवाल्यांची मुलं तिथे येतात आणि त्यांचे गळे उघडायचं काम तेनिनचं. सकाळी वर्ग, दुपारी तालीम, पाहुणे आले की त्यांच्यापुढे गाणं. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा आवाज वरच्या पट्टीत फाटायला लागला. घशाच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, "वर्षभर गाणं बंद. नाहीतर आवाज कायमचा विसरा." आवाज गेलेल्या जेलीला कोण विचारतं? तिला धडकीच भरली.

काम सोडतेय हे सांगायला दवाखान्यातून ती थेट सेरिबाच्या खोलीकडे गेली. दाराशी पहारेकरी झान कुलिबाली बसला होता. कुलिबाली दिसला की चवळीवरून चिडवायचं, ही तिथली जुनी रीत.

"काय रे चवळीखाऊ, मालक आहे का आत?"

"आहे की. पण आवाज कसला घोगरा झालाय तुझा! चोरून चवळी खाल्लीस वाटतं?"

"तुम्ही कुलिबाली काही उरू द्याल तर खाईन ना!"

हसतहसतच ती आत शिरली आणि तिथेच घात झाला. "अहो कोनाते," एवढंच ती म्हणाली. पण कमिसोकोंच्या तोंडून कोनाते हे नाव निघालं की ते एकटं राहत नाही. पणजीने, आजीने, आईने याच घराण्याची थोरवी गायलेली. पुढचे शब्द आपसूक आले, त्यामागून सूर आला, आणि सेरिबा डोळे मिटून डोलायला लागला. गाणं संपल्यावर त्याने मान म्हणून कोलाची फळं तिच्या ओंजळीत ठेवली.

"बोल, काय काम होतं?"

यजमानाचा मान हातात घेऊन त्यालाच नाही म्हणायचं? तिची जीभ रेटेना. "सहज आले होते," म्हणून ती परतली. वाटभर स्वतःला शिव्या घालत होती.

मग तिने चुलतभावाला, लान्सिनेला, गळ घातली. तो हसत सुटला.

"साऱ्या गावाची भांडणं मिटवणारी तू, आणि तुझ्यासाठी मी मध्यस्थ? अगं बाई, तुझा यजमान तोच माझा. त्याच्यासमोर मीही गायलाच लागणार!"

खरंच होतं ते. शहरातला जो जो कमिसोको तिने आठवून पाहिला, तो तो याच खुंट्याला बांधलेला.

उरली दिकोरे सिदिबे, तिची विद्यार्थिनी. खानदानी घरातली पोरगी. त्यांच्यात मोठ्याने बोलणंही हलकं समजतात. आली तेव्हा तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. तेनिनने रागावून, चिडवून, अंगणात ओरडायला लावून तिला तयार केलं होतं. मुख्य म्हणजे, कोनातेंचं ती काही लागत नव्हती.

"मावशी, मी? सरांसमोर?" पोरगी घाबरली.

"गाऊ नकोस. नुसतं सांग. तेनिनचा गळा दुखावलाय, तिला मोकळं करा. झालं."

दुसऱ्या दिवशी दोघी सेरिबासमोर बसल्या. तेनिनने ओठ घट्ट मिटले होते. दिकोरेने शिकवल्याप्रमाणे खालच्या आवाजात सुरुवात केली. पण सांगतासांगता ती कमिसोकोंच्या घराण्यावर आली. कुणी कुठलं युद्ध थांबवलं, कुणी कुठली सोयरीक जुळवली, आणि त्याच घरातली ही तेनिन. दुसऱ्यांची थोरवी गाण्यात तेनिनचा जन्म गेला, तिची थोरवी आजवर कुणी गायली नव्हती. तिला रडू आवरेना.

"या गळ्याने तुमचं घर मोठं केलं, आता तो गळा तिचा तिला द्या!" दिकोरेचा आवाज असा चढला की खिडकीशी मुलं गोळा झाली, झानही दार सोडून आत डोकावला.

सेरिबाचे डोळे भरून आले. तेनिनला वाटलं, सुटले.

"सिदिबेंच्या घरातली मुलगी, आणि असं बोलते!" तो म्हणाला. "तेनिन, हे तू केलंस. लोक मला हसायचे, खानदानी पोरांना ही विद्या यायची नाही म्हणून. आता अख्खं शहर दाराशी येईल बघ. अशा गुरूला मी कसा सोडू गं? मध घे, काढा घे. सकाळचा वर्ग थोडा उशिरा ठेवू हवं तर."

बाहेर अंगणात दिकोरेचा चेहरा पडला होता.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

तेनिनने तिच्या गालावरून हात फिरवला. "नाही गं पोरी. एकदा तरी चुकायला हवं होतंस."