पुसलेला अंगठा

अंबुबाई पंचायतीची मेंबर कशी झाली, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. चिंचवड स्टेशनापासून दोन कोसांवर, पवनेच्या खोऱ्यात भैरोबाची वाडी. तिकडं पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमाराला वाडीत नवी ग्रामपंचायत आली आणि तिच्यात एक जागा बाईमाणसाची निघाली. सरपंच उद्धवरावांना बाई हवी होती ती तोंड न उघडणारी. भिमाजीची बायको त्यांना पसंत पडली. तिचे थोरले दीर आबाजी पंचायतीतच होते, आणि थोरल्या दिरासमोर ती कधी बसतसुद्धा नसे, मग बोलणं तर लांबच राहिलं. म्हणजे बाई मेंबरही झाली आणि चावडीवर यायलाही नको. सगळ्यांची सोय झाली, तिचीही झाली. उगाच का खोटं बोला?

ती चावडीवर जाईना, म्हणून चावडी तिच्याकडं येऊ लागली. पंचायतीचा शिपाई भैरू, पन्नाशीचा सरळमार्गी माणूस, दप्तर काखेत आणि शाईची डबी खिशात घालून दारात उभा राहायचा. अंबुबाई कधी पिठाच्या हातानं, कधी शेणाच्या हातानं बाहेर यायची. हात धुवून अंगठा उठवायची आणि परत कामाला लागायची. गावकीचं काही आपल्या अंगठ्यानं ठरतं, असं तिच्या मनात कधी आलंच नाही.

असंच एकदा वैशाखात झालं. अंगणात कुरडयांचा घाट घातला होता. गव्हाचा चीक शिजून तयार होता. हा चीक गरम असेतोवरच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की हात भरून येतात आणि कुरडई तुटते. मदतीला मागच्या घरातली विमलबाई बसली होती. दोघी एकाच साली वाडीत नांदायला आलेल्या. विमलबाईचा उजवा हात पंधरा वर्षांपूर्वी उसाच्या चरकात सापडला होता, तेव्हापासून तो कोपराखाली नुसता लोंबायचा. पुढं नवरा गेला, लेक खेडला दिली. पण बाई ताठ. एका डाव्या हातानं सारवायची, भाकरी थापायची, आणि कुणी मदतीला गेलं तर डोळे वटारायची. आज ती कावळे हाकलत होती आणि अंबुबाईच्या कुरडया वाकड्या येतात म्हणून तिला टोचत होती.

तेवढ्यात भैरू आला. ठराव वाचून दाखवू का, असं त्यानं विचारलं. तो दर वेळी विचारायचा, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"चीक गार होतोय रं बाबा. कुठं उठवायचा त्येवढं दाव," अंबुबाई म्हणाली.

तिचा अंगठा चिकानं बरबटलेला होता. कागद चिकटेल म्हणून भैरू कुरकुरला. तेव्हा विमलबाईनंच पुढं सरून, आपल्या पदराच्या टोकानं मैत्रिणीचा अंगठा स्वच्छ पुसून दिला. ठसा लख्ख उठला.

पंधरा दिवसांनी बारवेवर गवंडी आले. वाडीची ही पायऱ्यांची विहीर. बावीस पायऱ्या उतरून बायका पाण्यात घागर बुडवायच्या. पण गावात नारू फार झाला होता. माणसांच्या पायांतून हातहात लांब जंत निघत होते. नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, म्हणून रोग पसरतो, तेव्हा पायऱ्या बुजवा आणि वरून शेंदा, असं पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. कठड्यावर चार रहाट बसले.

पहिल्या दिवशी विमलबाई घागर घेऊन आली आणि भिंतीपाशी थांबली. मग रहाटाकडं गेली. डाव्या हातानं दोर ओढला, पायाखाली दाबला, दातांत धरला. पोहरा निम्म्यावर आला आणि सुटून खाली गेला. पुन्हा ओढला, पुन्हा गेला. तळव्याची साल निघाली. बायका धावल्या तशी तिनं घागर उचलली आणि रिकामीच घेऊन नदीची वाट धरली. ती वाट अर्ध्या कोसाची.

अंबुबाई हे सगळं तिथंच उभी राहून पाहत होती. ही भिंत कुणाच्या डोक्यातून निघाली, असं तिनं भैरूला रागानंच विचारलं.

"ठरावावर तुमचा बी अंगठा हाय की, वैनी," भैरू म्हणाला. "त्या कुरडयांच्या दिशी."

अंबुबाई घागर न भरताच फिरली. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, तर भिमाजीनं तिलाच वेड्यात काढलं. सात जणांत एक अंगठा, तो नसता तरी ठराव झालाच असता. शिवाय ठराव चांगला होता, नारू हटणार होता. हे सगळं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागत होतं. ठराव मोडायचा नव्हताच, त्यात फक्त विमलबाईच्या पाण्याचं एक वाक्य घालायला हवं होतं. बाकीच्या सहा पुरुषांनी जन्मात कधी घागर भरलेली नव्हती. एका हाताची बाई पाणी कशी शेंदेल, हे त्यांना सुचायचं कसं? ते जिला सुचलं असतं ती एकटीच, आणि तिला कुरडयांची घाई होती.

दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता ती विमलबाईच्या दारात भरलेला हंडा ठेवू लागली. वाटलं होतं, ही लाथाडेल. पण कुणाचं घोटभर पाणी न घेणारी विमलबाई एक शब्द न बोलता हंडा आत घेई आणि रिकामा करून परत देई. हिला काही माहीत नाही, आपल्यावर माया आहे म्हणून घेते, असं अंबुबाईला वाटे आणि ती आणखीच खाली मान घालून परत फिरे. त्यात गाव तिचं कौतुक करू लागलं. मेंबरीण असून दुसऱ्याचं पाणी भरते, असं बायका म्हणायच्या. तिला तोंड लपवावंसं वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता पाऊसकाळ सरला.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिनं हंडा ठेवला आणि उंबऱ्यातच बसून रडत रडत सगळं सांगून टाकलं. अंगठा माझा होता, वाचायला नको मीच म्हटलं, माझ्यामुळं तुझ्या पायऱ्या बुजल्या.

विमलबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्याच पुसला हुता की त्यो अंगठा."

अंबुबाईनं डोळे पुसून वर बघितलं. ठाऊक होतं तर माझं पाणी कशाला घेतलंस, असं तिनं विचारलं.

"तू कवा बोलतीस बघत हुते. सा म्हैनं लावलंस." विमलबाईनं लाकूड आत सारलं. "आता तुझं पानी नको. मला माज्या हातानं भरायचंय. हितं रडून काय हुनार, चावडीवर जा."

त्या आठवड्यात बैठकीला अंबुबाई चावडीची पायरी चढली. तिला बघून आबाजी उठून बाहेर निघून गेले. वीस वर्षांचा रिवाज तिनं मोडला होता, आणि त्याचीही बोच तिला होतीच. डोईवरचा पदर पुढं ओढून, जमिनीकडं बघत ती बोलली. बारवेच्या कडेला एक हौद बांधा, भैरूनं तो रोज भरावा, खाली कमरेएवढ्या उंचीवर तोटी लावा. उद्धवराव गडबडले, पण नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना. ठराव लिहिला गेला. तिनं तो दोनदा मोठ्यानं वाचायला लावला, मगच अंगठा उठवला.

संक्रांतीच्या आत हौद झाला. विमलबाईनं डाव्या हातानं तोटी फिरवली, घागर भरली, कमरेवर घेतली आणि अंबुबाईच्या समोरून चालत गेली. आभार मानले नाहीत, ओळखही दाखवली नाही. सकाळी उठल्यावर अंबुबाई सवयीनं हंडा उचलायची आणि परत ठेवून द्यायची. भरून न्यायला आता दार नव्हतं.

पुढच्या वैशाखात तिनं एकटीनंच चीक शिजवला. सोऱ्या भरत होती, तर विमलबाई न बोलावता आली आणि कावळे हाकलायला बसली. थोड्या वेळानं भैरूही आला, तातडीचा ठराव होता. अंबुबाईनं सवयीनं बरबटलेला अंगठा पुढं केला आणि मग नजर वर केली. विमलबाई तिच्याकडंच बघत होती. पदर तिनं मांडीवर आवळून धरला होता.

अंबुबाईनं हात मागं घेतला. "वाच," ती भैरूला म्हणाली.

दोन पानी ठराव होता. भैरू अडखळत, एकेक अक्षर लावत वाचत राहिला. दोघी ऐकत बसल्या, आणि पातेल्यातला चीक गार होऊन गेला.