तोंड इकडे करून बोल

आमच्या शेजारच्या मावशींइतकं ऐकू येणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. आर्वीला शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि डेपोच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, त्या पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या बाईसमोर कुजबुजायचं नाही. समोरच्या गच्चीवर दोघींनी एकमेकींच्या कानात काही सांगितलं तरी ते मावशींच्या ओसरीवर पोचतं. मी रोहण्यासारख्या गावातून आलेली, भानामतीपासून चकव्यापर्यंत सगळं ऐकून मोठी झालेली. मला ही त्यातलीच एक गोष्ट वाटली. मग माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे माझ्याच घरी आले. मावशी मदतीला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. पोह्यांचा पहिला घास खाल्ल्यावर मुलाची आई आपल्या बहिणीकडे झुकली आणि ओठ जेमतेम हलवून काहीतरी पुटपुटली. शेजारी बसलेल्या मुलालाही ते कळलं नाही. मिनिटभरात मावशी बशीत मीठ घेऊन बाहेर आल्या आणि त्या बाईंच्या पुढ्यात ठेवून परत गेल्या. पाहुणीबाईंनी पुढे नात्यात सगळीकडे सांगितलं, की त्या घरच्या बायांना मनातलं समजते. लग्न जमलं. माझी बहीण अजूनही म्हणते, की तिचा संसार आळणी पोह्यांवर उभा आहे.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना एकदाच नेलं. तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मंचावर प्रमुख पाहुणे मुख्याध्यापकांच्या कानाशी लागले, तसं मावशी मला म्हणाल्या, पाहुण्यांचं पोट बिघडलं आहे, भाषण आटोपतं घेतील. पाहुण्यांनी खरोखर चार वाक्यांत भाषण संपवलं आणि सगळ्यांनी त्यांच्या साधेपणाचं कौतुक केलं. मात्र एवढं ऐकू येणारी ही बाई कधीकधी भलतंच ऐकायची. पलीकडच्या बाईंनी 'आमचे बाबा आले गावावरून' असं खिडकीतून सांगितलं, तर मावशींनी ते 'मामा' ऐकलं आणि त्या म्हाताऱ्यांना दोन दिवस मामा म्हणून चहा पाजला. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण त्यांनी चूक दुरुस्त केली नाही.

त्यांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. पहिली म्हणजे कोणी पाठमोरं होऊन बोललेलं त्यांना खपत नसे. भांडी घासता घासता मी काही विचारलं, की लगेच हुकूम यायचा, "तोंड इकडे करून बोल." मी समजत होते, की हा मान देण्याघेण्याचा प्रश्न आहे. दुसरी तऱ्हा दिव्याची. संध्याकाळी वीज गेली की मावशी बोलणं अर्ध्यात सोडून द्यायच्या. मेणबत्ती लागल्याशिवाय पुढचा शब्द नाही. अंधारात बोललेलं बाधत असेल त्यांच्याकडे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. तिसरं म्हणजे मिशीवाल्यांशी त्यांचं उभं वैर. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याची मिशी वरच्या ओठावरून खाली घरंगळलेली होती. त्याला त्या तीन-तीनदा विचारत आणि शेवटी कंटाळून म्हणत, "तुह्या मिशीतून शब्दच नाई येत बाहेर. कापून येजो, मंग सांगजो." तो बिचारा दुखावून जायचा. पुढे पोरीच्या लग्नात त्यानं मिशी बारीक केली, तर मावशींनी त्याला ओसरीवर बसवून अर्धा तास गप्पा मारल्या. फोनला तर त्या हातच लावत नसत. त्यांची मुलगी नाशिकला दिलेली. ती माझ्या फोनवर फोन करायची, मी ऐकायचं आणि मावशींना सांगायचं. तुम्हीच बोला ना, म्हटलं तर म्हणत, "फोन म्हंजे मानूस पाठ करून बोलते. मले नाई आवडत."

या मावशींचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायची, सहा फूट उंच आणि दारातून वाकून येणारे गृहस्थ होते. या नवराबायकोत वर्षानुवर्षं अबोला आहे, अशी गल्लीची पक्की समजूत होती, कारण त्या घरातून एकमेकांशी बोलल्याचा आवाज कधी कोणी ऐकलाच नव्हता. समजूत पुलगावला मावशींच्या भावापर्यंत गेली. तो दोन वडीलधारी माणसं घेऊन एसटीनं आला, दिवसभर बसला, आणि संसारात होतंच असं, आता झालं गेलं विसरा, असं दोघांना समजावू लागला. ही दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कशाबद्दल विसरायचं तेच त्यांना कळेना. मग मावशींना हसू फुटलं. ती दोघं सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतच असायची. फक्त आवाज करायची नाहीत. लग्न झाल्यावर वर्षभरातच दोघं जिनात कामाला लागली होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या दोन लांब रांगा, मावशी यंत्रात कापूस सोडायच्या, काका यंत्रांना तेल घालत फिरायचे. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत रोज तो गडगडाट. त्यात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून तिथली सगळीच माणसं नुसत्या ओठांनी बोलायची. काका चाळीस फुटांवरून विचारायचे, भाकर खाल्ली का, आणि मावशी तिथूनच सांगायच्या, तुम्ही या, मग खाते. जिन सुटलं तरी ही सवय सुटली नाही. घरात दोघंच असताना आवाज कशाला वाया घालवायचा, असं मावशी म्हणायच्या.

मी तिथे राहायला गेल्यावर पाचेक वर्षांनी काका गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मावशी फारशा रडल्या नाहीत. ओसरीवर बसून राहायच्या आणि कधी कधी त्यांचे ओठ हलताना दिसायचे, समोर कोणी नसताना. मी लगबगीनं आत निघून जायची. दोघांच्या बोलण्यात उभं राहिल्यासारखं व्हायचं.

मग मास्कचं वर्ष आलं. सगळ्यांच्या तोंडावर फडकी चढली आणि मावशींचं काहीतरी बिनसलं. भाजीवाल्याशी भांडण, दूधवाल्याशी भांडण. सगळे मुद्दाम हळू बोलतात, असं त्या म्हणू लागल्या. पुढे त्यांनी बाहेर येणंच बंद केलं. गल्लीत बोललं जाऊ लागलं, की काका गेल्याचा धसका घेतला, आता डोक्यावर परिणाम होतोय. मलाही तीच भीती होती. एक दिवस दारातून विचारलं, "मावशी, जेवल्या का?" त्या म्हणाल्या, "हो, आली ना. दोन दिवस झाले." पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, कोण पोरी, कोणाची? काय करावं कळेना म्हणून मी मास्क हनुवटीखाली ओढला, घाम पुसला आणि नुसतीच स्वतःशी पुटपुटले, की आता नाशिकला कळवावं लागेल.

"तिले काऊन कळवतं?" मावशी म्हणाल्या. "मी बरी हाय."

मी मास्क वर केला आणि म्हटलं, मावशी, आज कोणता वार? त्या माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मास्क खाली केला, आवाज अजिबात काढला नाही, फक्त ओठ हलवून तेच विचारलं. "मंगयवार," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोणास ठाऊक, त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "आवाज येते वं मले. बोलनं नाई येत." अख्ख्या गल्लीचं ऐकणारी बाई कितीतरी वर्षं बहिरी होती, आणि ते तिला स्वतःलाही माझ्याबरोबरच, त्या मंगळवारी कळलं.

बंदी उठल्यावर मी त्यांना वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेले. कान तपासणारी मुलगी काचेपलीकडून, तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द म्हणायची आणि मावशींनी तो परत म्हणायचा. भात, हात, सात यांत मावशींना काही फरक लागेना. चार-पाच शब्द झाल्यावर त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, की पोरी, कागद काढ, मंग सगळे सांगते. मुलगी हसली आणि तिनं कागद काढून पुन्हा सगळे शब्द म्हटले. मावशींनी एक सोडून सगळे बरोबर सांगितले. तो एक होता 'पाट', त्यांनी 'माठ' म्हटलं. मुलीनं मला समजावलं, की प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, तिथे पुढचंमागचं बोलणं बघून अंदाज करावा लागतो, आणि आपण सगळेच थोडंफार डोळ्यांनी ऐकत असतो. जिनाच्या गडगडाटानं कान गेल्यापासून या बाई सगळंच डोळ्यांनी ऐकत आल्या आहेत. मला बाबांचे मामा कसे झाले ते तिथे कळलं.

ऐकण्याचं मशीन कानात बसलं आणि मावशींच्या घरात गोंगाट शिरला. पंखा, कुकर, स्वतःच्या बांगड्या. कावळा एवढं ओरडतो हे माहीतच नव्हतं, म्हणाल्या. पण शब्द काही केल्या सुटे होईनात. सराव करावा लागेल असं मुलीनं सांगितलं होतं, म्हणून शाळेतून आले की मी ओसरीवर त्यांच्या पाठीमागे बसायची आणि शब्द म्हणायची. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत तो ओळखायच्या. मी 'पातेलं' म्हटलं की त्या 'नातेवाईक' म्हणायच्या, 'सोयाबीन' म्हटलं की 'कोन मालकीन'. आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. चार महिन्यांत मात्र माझा आवाज त्यांच्या ओळखीचा झाला. पाठीमागून बोललेलं वाक्य पुरतं समजायला लागलं. नाशिकच्या मुलीशी त्या पहिल्यांदा स्वतः फोनवर बोलल्या, तेव्हा दोघींनी एकमेकींना तब्येत कशी आहे एवढंच पाच-सहा वेळा विचारलं.

त्यानंतरच्या एका दुपारी शब्द म्हणता म्हणता मी थांबले होते. मावशी भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "तू तं त्यायच्याशी बोललीस ना. कसा होता त्यायचा आवाज?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. काकांचा आवाज लग्नानंतर पहिलं वर्षभर ऐकला असेल, त्या सांगू लागल्या, पण नवी नवरी घाबरलेली असते, ती कुठला आवाज ध्यानात ठेवते. मग जिन. ओठ सगळे आठवतात, कोणता शब्द कसा म्हणायचे तेही. आवाजच तेवढा नाही. मला खोटं बोलता आलं असतं. पण चार महिने मी त्यांना खरे शब्द ओळखायला शिकवत होते.

"बारीक होता, मावशी," मी म्हटलं.

"बारीक?"

"पोरासारखा. थोडा चिरका."

त्या वळल्या आणि माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत ते मला लगेच कळलं नाही. हसतच होत्या. "मले तं मनात त्यायचा जाड, भारी आवाज ऐकू येते," म्हणाल्या. "अजूनबी येते. चहा ठेवला की तोच भारी आवाज येते. एवढे वर्सं दुसऱ्याच कोनाचा ऐकून राह्यली मी." आणि मशीन काढून डबीत ठेवून आत गेल्या. त्या दिवशी आपण हे काय करून बसलो, असं मला सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून येऊन पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, म्हणून दाखव. मी पुष्कळ आठवलं. काकांचं एक वाक्य मला जसंच्या तसं आठवत होतं. फाटकाशी भाजीवाल्याला ते नेहमी सांगायचे. मी गळा बारीक केला आणि त्यांच्या आवाजात म्हटलं, "कवळी पाहून दे गा. आमच्या घरी जून भेंडी चालत नाई."

मी वाकून पाहिलं, मावशींनी डोळे मिटले होते. आणखी एकदा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. मी तीनदा म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "ह्या मानसाले मी नाई ओळखत." पुढे म्हणाल्या, "पन चांगला वाटते. भेंडीचं मले कधी सांगतलं नाई त्यायनं." आणि उठताना, पदर झटकून, "माह्यावाला भारी राहू दे माह्याजवळ. हा तुह्याजवळ ठेवजो."

पुढच्या वर्षी माझी समुद्रपूरला बदली झाली. इथे माझ्या ओळखीत काकांना पाहिलेलं कोणी नाही. शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा झाला की कधी मी ते भेंडीचं वाक्य म्हणून बघते. सुरुवातीला बरोबर यायचं. हल्ली मधूनच माझा स्वतःचा आवाज त्यात मिसळतो, आणि कुठला बारीकपणा काकांचा नि कुठला माझा, ते मला नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात आर्वीला गेले होते. मावशी थकल्या आहेत, पण मशीन लावून सगळ्यांशी बोलतात. तपासणारी मुलगी त्यांच्यावर खूश आहे. निघायच्या आधी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "हाय ना तुह्याजवळ?"

"हाय," मी म्हटलं.

त्या एका शब्दासाठी लागतो त्याहून जरा जास्त वेळ त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग चहा ठेवायला आत गेल्या.