तुरीच्या गोदामातले क्रिकेटचे कायदे

किस्से काय मुद्दाम जमवावे लागत न्हाईत. बायका-पोरं असलेली मोठी माणसं एका बंद जागेत सोडा, हातात बॅट द्या आणि वर ‘नियम पाळा’ म्हणून सांगा. झालं! आमच्याकडं दर रविवारी एक तरी घडतोय, आणि सोमवारी दुकानात माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक कापड टेबलावर ठेवायच्या आधी विचारतंय, “काल काय झालं ओ, टेलर?”

हुमनाबादला माझं शिलाईचं दुकान हाय. गुडघे गेलेत, म्हणून मी खेळत न्हाई. मी अंपायर. म्हणजे दोन्ही टीमच्या शिव्या खायची ड्यूटी माझी!

गोदाम दुबलगुंडी रोडला हाय, शिवराज अण्णा आणि मल्लू या दोघा भावांचं. त्यांचे अप्पा होते तवर एक दुकान, एक चूल. अप्पा गेले, आणि दुकानाच्या नव्या बोर्डावर कुणाचं नाव वर घालायचं यावरून दोघांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. बोर्ड अजून कोराच हाय! मग दुकानं दोन झाली, घरं दोन झाली. ऱ्हायलं ते गोदाम. नवी तूर यायच्या आत त्याच्या मधोमध आडवी भिंत घालायची, असं ठरलं.

भिंत आली की पिच गेलं, हे तर उघडच. पण मला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आठवड्यातून एकदा का होईना, हे दोघं एका छपराखाली यायचे. दुसऱ्याच्या भरवशावर गोदाम सोडायचं न्हाई, म्हणून यायचे, एकमेकांच्या विरुद्ध टीममध्ये खेळायचे, पण यायचे. भिंत झाली की तेही संपलं. मी त्या दोघांच्या मुंजीच्या नव्हे, पण शाळेच्या चड्ड्या शिवलेला माणूस हाय. मला ते बघवत नव्हतं.

* * *

खेळ सुरू केला तो पाटील सरांनी. सर शाळेत पीटी शिकवतात. उन्हाळ्यात ग्राउंडवर खेळताना त्यांनाच चक्कर आली, तवा कुठून तरी मोबाईलवर त्यांनी इनडोअर क्रिकेट शोधून काढलं.

गोदामात सगळ्यांना उभं करून सरांनी नियम वाचले. आठ-आठ जणांची टीम. बॅटिंग जोडीनं. एका जोडीला चार ओव्हर. बॉलिंग प्रत्येकानं टाकायचीच. आणि आऊट झालं तर पाच रन वजा, पण माणूस आत जात न्हाई, बॅटिंग चालूच.

मल्लूला पटेना. “म्हणजे आऊट झालो तरी बॅट सोडायची न्हाई?”

“न्हाई.”

“सर, हा खेळ माझ्यासाठीच काढलाय की ओ!”

पहिली मॅच झाली. दोन्ही टीम मायनसमध्ये! हरलेले मायनस, जिंकलेलेही मायनसच. सरांनी मात्र हार मानली न्हाई. शाळेत करतात तसं छोटं भाषण केलं. “मित्रांनो, आज आपण शून्याच्या खाली हाय. याचा अर्थ काय? इथून आता वरच जायचंय!”

फ्रिज-कूलर दुरुस्त करणारे इस्माईलभाई आमचे फास्ट बॉलर. ते घाम पुसत म्हणले, “सर, नीचे भी बहोत जगा है!”

* * *

या खेळाला चारी बाजूंनी जाळी लागते. विकत कोण आणतंय? इस्माईलभाईंच्या ओळखीचा एकजण कारंजा धरणावर मासे धरतोय. त्याची जुनी जाळी त्यांनी छोट्या टेम्पोत घालून आणली.

जाळी मजबूत होती, त्याबद्दल वाद न्हाई. पण पत्र्याचं गोदाम, दुपारची वेळ! जशी जाळी तापली तसा वास सुटला. दोन मांजरं येऊन विकेटकीपरच्या मागं बसली ती उठेचनात. अण्णा लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा विचारून चिरतात. त्यांनी नाकाला टॉवेल लावला, पण खेळ सोडला न्हाई.

तेवढ्यात एक बॉल जाळीला लागून सरळ अण्णांच्या हातात यायला लागला. जाळीवरून आलेला कॅच या खेळात चालतोय. आणि अण्णांनी काय करावं? दोन्ही हात मागं घेतले! बॉल पोटावर आपटून खाली.

“अण्णा, कामून सोडलात?” सगळी टीम ओरडायली.

“जाळीला लागून आलाय त्यो,” अण्णा म्हणले. “मी हात लावत न्हाई!”

जाळी शिकेकाईनं धुतली, सोड्यानं धुतली, तरी अण्णांच्या मनातला वास जाईना. शेवटी मला कायदा करावा लागला, की जाळीवरचा कॅच अण्णांनी टॉवेलमध्ये धरला तरी चालेल. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं!

आता अण्णा टॉवेल पसरून उभे ऱ्हातात, आणि आमच्यात सगळ्यात जास्त कॅच त्यांचेच हायत.

* * *

गोदामाला लागून सुलोचना अक्कांची खानावळ. रविवारी दुपारी त्या जरा पाठ टेकायच्या, आणि नेमका तवाच पत्र्यावर बॉल आदळायचा. एक दिवस त्या तावातावानं भांडायलाच आल्या.

त्या दिवशी आमच्यात एक माणूस कमी होता. सर म्हणले, “अक्का, भांडण नंतर. आधी फिल्डिंगला उभ्या ऱ्हावा.” आणि अक्का उभ्या ऱ्हायल्या की! पदर खोचला, चप्पल काढली.

आता प्रत्येकानं बॉलिंग टाकायचीच, हा नियम. अक्कांनी बॉल घेतला, कमरेत वाकल्या आणि जमिनीलगत असा सरपटत सोडला की मल्लूची बॅट वरच, स्टंप खाली!

“नो बॉल!” मी हात वर केला. “अंडरआर्म चालत न्हाई.”

अक्का माझ्याकडं आल्याच न्हाईत. त्या सरळ पाटील सरांकडं गेल्या. सर एकटे राहतात, दोन्ही वेळचं जेवण अक्कांकडं.

“सर, उद्या तुमच्या डब्यात काय घालू?”

सरांनी मोबाईल काढला, नियम वर-खाली केले, घसा साफ केला. “टेलर, नियमात तसं स्पष्ट काही दिसंना.”

तवापासून आमच्याकडं अंडरआर्म चालतंय. पण फक्त अक्कांना!

* * *

हा किस्सा कलबुर्गीपर्यंत गेलेला हाय.

सीझनला गोदामाच्या एका भिंतीला तुरीच्या पोत्यांची थप्पी असते. पाटील सरांनी जो शॉट मारला तो बॉल थप्पीत गेला आणि गायब. फिल्डर पोती हलवायलेत, आणि सर पळायलेत. बॉल सापडेपर्यंत रन चालू, असा नियम सरांनीच केलेला! पळून पळून सर पिचवर आडवे झाले, तवा मी हात जोडून म्हणलं, “बस करा. मॅच तुमची.” सर आठवडाभर शाळेत लंगडत होते, पण काय तो रुबाब!

पंधरा-वीस दिवसांनी अण्णांना कलबुर्गीच्या डाळ मिलवरून फोन आला. “अण्णा, तुमच्या पोत्यातून पिवळा टेनिस बॉल निघाला.” गोदामात सगळे हसायलेत. इस्माईलभाई मात्र हसले न्हाईत. बॉलिंग त्यांची होती ना! त्यांनी फोन हातात घेतला.

“मियाँ, निकला कैसा? नीचे गिरा क्या?”

मिलवाला म्हणला, “न्हाई, पोतं वतताना वरून उडाला. आमच्या हमालानं वरच्या वर झेलला.”

इस्माईलभाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून दोन्ही हात वर केले. “हाऊज दॅट!”

मी विचार केला. बॅटला लागला, तोंड न शिवलेल्या पोत्यात गेला, पोत्यातून मिलला गेला. जमिनीला लागला कुठं? टप्पा न्हाईच! सर माझ्याकडं बघायलेत, केविलवाणं तोंड करून. पण कायदा म्हणजे कायदा. मी बोट वर केलं.

सरांनी पळून काढलेले रन गेले, वर पाच वजा झाले आणि जिंकलेली मॅच ते हरले. हमालाला मॅन ऑफ द मॅच द्यावा का, यावर अजून भांडण चालू हाय.

* * *

आणि आता मागच्या रविवारचं.

गोदाम रिकामं होतं, तूर सगळी गेलेली. भिंतीच्या आधीचा हा शेवटचाच खेळ, हे सगळ्यांना माहीत होतं. सर म्हणले, “आज टीम चिठ्ठ्या टाकून. जोड्यापण चिठ्ठ्या टाकूनच.” चिठ्ठ्या काढल्या अक्कांनी. शेवटची जोडी निघाली शिवराज अण्णा आणि मल्लू.

“दुसरी काढा,” अण्णा म्हणले.

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी,” अक्का म्हणल्या आणि उरलेले कागद चुरगाळून टाकले.

दोघं बॅटिंगला आले. अण्णा स्ट्रायकर, मल्लू माझ्या बाजूला. समोरून बॉलिंगला इस्माईलभाई. अण्णांनी पहिलाच बॉल मारला आणि पळत सुटले. मल्लू जागचा हललाच न्हाई. दोघं एकाच बाजूला! रनआऊट, पाच वजा.

अण्णांनी माझ्याकडं तोंड केलं. “अंपायर, त्या बाजूच्या माणसाला सांगा, मारलं की पळायचं असतंय.”

मल्लू माझ्या हातभर अंतरावर उभा. तरी मी सांगितलं. नसतं सांगितलं तर काय केलं असतं?

“टेलरमामा,” मल्लू म्हणला, “त्यांना म्हणावं, हाक मारली तर पळता येतंय.”

मी तेही पोचवलं.

“हाक कशाला पायजे? बॉल दिसत न्हाई का म्हणावं!”

“मियाँ,” इस्माईलभाई लांबून ओरडले, “बॉल डालूं क्या नक्को?”

पुढच्या ओव्हरलापण तेच. अण्णा मारायलेत, मला सांगायलेत, मी मल्लूला सांगेपर्यंत स्टंप उडायलेत. पाच वजा, आणिक पाच वजा. आधीच्या जोड्यांनी जमवलेलं सगळं गेलं. कुणी हसेना. सर जमिनीकडं बघत होते.

तेवढ्यात दारातून सायबण्णा गवंडी आत आला. हातात दोरीचं बंडल आणि खुंट्या. भिंतीची आखणी दोघा भावांसमोरच व्हावी, म्हणून दोघांनीही त्याला वेगवेगळा निरोप पाठवून रविवारीच बोलावलेलं होतं! त्यानं कुणाला विचारलं न्हाई. मधोमध आला, पिचच्या एका कडेला खुंटी ठोकली, दुसऱ्या कडेला दुसरी, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी ताणली. एका बाजूला अण्णा, एका बाजूला मल्लू. भिंत तिथंच येणार होती.

पिचवर बाहेरची वस्तू आली की अंपायरनं डेड बॉल द्यायचा. माझा हात उठंना.

“बॉल टाकायला सांगा,” मल्लू म्हणला.

इस्माईलभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बॉल टाकला. अण्णांनी जोरात मारला. बॉल कोपऱ्यातल्या जाळीत अडकला, खाली पडेचना. अण्णा मान खाली घालून पळत सुटले, समोर बघायची त्यांना सवयच न्हाई. दोरी आली. आणि माझ्या बाजूनं एकदम ओरडल्याचा आवाज आला.

“अण्णा! दोरी हाय! पाय उचल!”

अण्णांनी पाय उचलला. एवढं वजन घेऊन माणूस उडी मारतोय, हे आम्ही पहिल्यांदाच बघितलं. एक पाय पलीकडं पडला, दुसऱ्या पायात दोरी आली, खुंटी उपटली. मल्लू त्यांच्या बाजूनं पलीकडं पळाला. अण्णा क्रीजमध्ये पोचले, वळले, आणि छाती फुटेल असं ओरडले, “दुसरी हाय मल्ल्या! ये, ये, ये!”

मल्लू आला. अण्णा गेले. पायात दोरी, दोरीला खुंटी, खुंटीच्या मागं सायबण्णा. “अण्णा, माझी दोरी!”

“तिसरी!” मल्लू ओरडला.

“व्हय, पळ!”

तिसरी नव्हतीच. अक्कांनी जाळीतून बॉल काढून स्टंपला लावला तवा दोघं भाऊ पिचच्या मधोमध गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होते. मी बोट वर केलं. पाच वजा. अण्णांनी मल्लूच्या पाठीवर एक धपका घातला. “तिसरी कामून मागितलास रे, गाढवा?”

“तू व्हय कामून म्हणलास?”

सायबण्णानं अण्णांच्या पायातली दोरी सोडवली, गुंडाळली, आणि खुंटी हातात घेऊन उभा ऱ्हायला. “मालक, मग आखणी कुठून धरू?”

दोघांनी एकदमच त्याच्याकडं बघितलं.

“तू आधी बाजूला सरक की बाबा,” अण्णा म्हणले. “आमच्या अजून दोन ओव्हर हायत.”