आवाज कमी करून पाहिलेला टीव्ही

आमच्या घरी रविवारी टीव्ही सकाळी लागतो तो रात्रीच्या जेवणानंतरच बंद होतो. नारपोलीतली आमची खोली मोठी नाही. त्यामुळे टीव्ही लागला की तो सगळ्यांसाठीच लागतो. सकाळी सासूबाईंचे अभंग, मग माझा स्वयंपाकाचा कार्यक्रम, मुलीचं कार्टून, दुपारी नवऱ्याची क्रिकेट मॅच, संध्याकाळी विनोदी कार्यक्रम आणि शेवटी मालिका. रिमोटवरून भांडणं होतात, पण उठून कोणी जात नाही. जायला दुसरी खोली असते कुठे?

सासऱ्यांना ऐकू फार कमी येतं. आयुष्यभर लूमवर काम केलं. एका शेडमध्ये एवढे माग एकाच वेळी खटखटत असताना कानांचं जे व्हायचं ते झालं. कानाचं मशीन घेऊन झालं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. टीव्हीचा आवाज चढवला की थोडंफार कळायचं, म्हणून आमच्या टीव्हीचा आवाज कायम चढवलेलाच असायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. शेजाऱ्यांनीही कधी तक्रार केली नव्हती.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या भाभी दारात आल्या. त्यांची सून आदल्या दिवशीच बाळ घेऊन दवाखान्यातून घरी आली होती. भिंत मधे एकच. भाभींना सांगायला फार अवघड जात होतं. "बच्ची बार बार जाग रही है," एवढंच त्या म्हणाल्या आणि उगाच माझ्या तुळशीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "भाभी, उसमें क्या, अभी कम करते हैं." नवऱ्याने लगेच आवाज अगदी खाली आणला.

सासरे थोडा वेळ टीव्हीकडे बघत बसले. पडद्यावर कीर्तनकार हात उंचावून काही सांगत होते. मग सासरे उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले. चिडले नव्हते. बाळ आलंय हे त्यांना मुलीने खुणेने सांगितलं होतं आणि ते हसलेही होते. पण आता इथे आपलं काही काम नाही, अशा चालीने ते गेले. ती चाल बघून माझा हात कणकेतच थांबला.

सासूबाईंनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, टीव्हीच्या अगदी शेजारी ठेवली आणि तिच्यावर आमच्याकडे तोंड करून बसल्या. मग मुलीला आजोबांना आत आणायला पाठवलं. सासरे येऊन समोर बसले, आणि सासूबाई बोलायला लागल्या. आवाज न काढता. नुसते ओठ आणि हात. मधेच मान वळवून त्या टीव्ही ऐकायच्या आणि परत सासऱ्यांकडे बघून सांगायच्या.

लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच बघत होते. नवऱ्याने मग सांगितलं की आई तरुणपणी त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती. त्या खटखटाटात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळे ओठांवरूनच बोलतात. दोघांची ओळख तिथलीच.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमात सासूबाईंनी पनीरची भाजी सांगितली, आणि वर स्वतःचं मतही सांगितलं असावं, कारण सासरे हसले. कार्टूनमधल्या उंदराची पळापळ त्यांनी दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर करून दाखवली. मुलगी टीव्ही सोडून आजीकडेच बघायला लागली. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच सासूबाईंकडे बघत होतो.

मॅच सुरू झाली तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. क्रिकेटमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. एकाने चेंडू मारला, एक धावला, एक पडला, असं काहीतरी त्या सांगत होत्या. सासऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"यो आउट न्हाय," ते मोठ्याने म्हणाले. "बॉल बॅटला लागलाच न्हाय. तू इकडं ये, मी सांगतो."

सासूबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर मॅच संपेपर्यंत सासरे बोलत होते. कुठला बॉलर कसा टाकतो, फील्डर तिथे का उभा केलाय, सगळं. घरात एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज मोठा, पण भिंतीपलीकडून काही कुरकुर आली नाही. माझा नवरा, ज्याला मॅचमध्ये कोणी बोललेलं चालत नाही, तोही मधे मधे त्यांना प्रश्न विचारत होता, हातांनी, जमेल तसं.

संध्याकाळी सासूबाई परत खुर्चीवर. विनोदी कार्यक्रमात त्यांनी कमाल केली. नट जे करत होता त्यापेक्षा त्या जास्त करत होत्या. एका ठिकाणी त्यांना स्वतःलाच हसू आवरेना, सांगणं राहून गेलं, आणि काय झालं ते न कळताच सासरे त्यांच्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग मालिकेची वेळ झाली. ही सासूबाईंची. ती एक दिवस चुकली तर त्यांना चैन पडत नाही. त्या दमल्या होत्या, तरी खुर्ची सोडेनात. तेव्हा सासऱ्यांनी त्यांना पलंगावर बसायची खूण केली.

"आता तू बघ," ते म्हणाले. "दिवसभर मना दाखवलास. ह्यातला मना नंतर सांग, जेवताना."

आणि जेवताना खरंच त्यांनी सगळा भाग सांगितला. सुनेने दागिने कुठे लपवले, सासूला कसं कळलं. सासऱ्यांचा भात तसाच गार होत होता.

पलीकडचं बाळ आता रांगतं, आमच्याकडे येतं, आणि भाभी म्हणतात, हवा तेवढा आवाज ठेवा. आम्ही चढवत नाही. गेल्या महिन्यात सासूबाई खारबावला भाचीच्या हळदीला गेल्या होत्या. रविवार होता. मी खुर्ची ओढली आणि बसले. जंगलातल्या हत्तींचा कार्यक्रम लागला होता. मी ओठ हलवले, हातांनी सोंड केली, कान केले. सासरे पुढे सरकून माझ्या ओठांकडे बघायला लागले.

"सावकाश," ते म्हणाले. "तोंड मोठा उघड. तुझी सासू पण शेडमध्ये पयल्या पयल्यांदा अशीच घाई करायची."

मी हत्तीपासून पुन्हा सुरुवात केली.