पिंकीच्या पेशी

मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझ्या लेकीचे, पिंकीचे ओठ सुजले, अंगभर लाल चट्टे उठले, आणि तिथून सगळं सुरू झालं. लहान पोरांच्या वॉर्डात आठ दिवस काढले की किस्से आपोआप साचतात. बाकीच्या बाया हसतात. माझी मान अजून वर होत नाही.

*

पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं?"

"नाय हो मॅडम! पाणीसुद्धा उकळून पाजते!"

माझ्या दाढदुखीच्या उरलेल्या गोळ्या तापात अर्ध्या करून मीच तिला दिल्या होत्या. गोळ्यांची रिकामी पट्टी माझ्या पर्समध्येच होती. त्यांनी तापासाठी रोजचं इंजेक्शन सुरू केलं.

*

रिपोर्ट आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या! मी रडत फुलंब्रीला सासऱ्यांना फोन लावला. रेंज नव्हती, त्यांना एवढंच ऐकू गेलं, "मामा, पेशी वाढल्या!" आमच्याकडं कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, आणि त्यांची बांधाची केस चालू.

"वाढू दे की! रडती कशाला? पुढची कवाची दिली?"

*

पांढऱ्या पेशी, म्हणून मी पिंकीचं दूध, दही, भात सगळं बंद केलं. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, नसीमआपा, म्हणाली, "तो चादर बी निकाल दे ना, वो बी सफेदच है!" सगळा वॉर्ड हसला. सिस्टरसुद्धा!

*

चौथ्या दिवशी पिंकी डोळे उघडेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या पेशी राखणदार असतात. कशाला तरी चोर समजून तुटून पडल्यात, आणि मार तिच्याच लिव्हरला बसतोय. तो चोर कोण, तेच कळेना."

मी पर्स उघडली. पट्टी टेबलावर ठेवली. "मॅडम, खोटं बोलले मी."

त्यांनी गोळीचं नाव वाचलं आणि त्या ओरडल्या, पण माझ्यावर नाही. "सिस्टर, पिंकीचं इंजेक्शन थांबवा! ते याच जातीचं औषध आहे!"

*

इंजेक्शन थांबलं, तशा पेशी हळूहळू उतरल्या. सहाव्या दिवशी पिंकीनं भात मागितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता बाहेरच्या बायांना तुम्हीच सांगा. आमच्यापासून लपवतात."

लाज गिळून मी व्हरांड्यात उभी राहिले, सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग नसीमआपानं डब्याच्या पिशवीत हात घातला, तळातून औषधाची एक बाटली काढली आणि हळूच म्हणाली, "चल ना मेरे संग डॉक्टरनी के पास. अकेली को शरम आती."

दिलेलं औषध डॉक्टरांपासून लपवू नका, एवढं तुमच्या गल्लीतल्या आयांनाही सांगाच.